नऊच्या पुढचा आकडा

त्या घरात नुसते उत्तर कोणी देत नसे. उत्तराच्या पाठोपाठ खात्रीचा आकडा सांगावा लागे, आणि तो दहापैकी असे. दूध नासले आहे का, मामा खरोखर येणार आहेत की नुसतेच म्हणताहेत, दादाने अभ्यास केला आहे का, अशा कुठल्याही प्रश्नाला आधी उत्तर आणि मग आकडा. ही रीत वडिलांनी लावली होती. त्यांची सारी नोकरी हवामान कचेरीत अंदाज वर्तवण्यात गेली. ‘उद्या पाऊस पडेल’ हे वाक्य त्यांच्या मते अर्धवट होते. किती खात्रीने, हे सांगितले तर तो अंदाज; नाहीतर त्या गप्पा.

आकड्यांनाही शिस्त होती. ज्यांना ‘सात’ म्हटले अशा गोष्टींपैकी दहांतल्या सातच्या आसपास खऱ्या निघायला हव्यात. सगळ्याच खऱ्या निघाल्या, तर तो माणूस हुशार ठरत नसे, भित्रा ठरे. ‘पाच’ हा आकडा जवळपास असभ्य समजला जाई. हो की नाही अशा प्रश्नाला पाच म्हणणे म्हणजे मला काही बोलायचे नाही असे सांगून पाठ फिरवणे. आणि दहा तर कोणी म्हणतच नसे. दहा म्हणणाऱ्याने तपासणे थांबवलेले असते, असे वडिलांचे म्हणणे. उद्या सूर्य उगवेल का, असे मुलांनी त्यांना पेचात पकडण्यासाठी विचारले, तेव्हाही ते म्हणाले होते, “नऊ. आणि वर थोडं.”

आईची यावर एक कायमची तक्रार होती. लग्नाला होकार देताना यांनी आपल्याला नऊ सांगितले, आणि उरलेला एक कुठे गेला ते अजून सांगितलेले नाही, असे ती पाहुण्यांसमोर म्हणे. वडील हसत, पण आकडा बदलत नसत. तो हिशोब तसाच राहिला आणि काही वर्षांपूर्वी आई गेली.

मुलीला वडील ‘पारा’ म्हणत. लहानपणी ती चिडली की आधी कान आणि मग कपाळ लाल होई. चढता पारा डोळ्यांनी दिसतो, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे तिने कामही तसेच धरले. प्रयोगशाळा, कारखाने आणि दवाखाने यांच्याकडून आलेले तापमापक प्रमाणाशी ताडून पाहायचे, कोणता किती चुकतो ते शोधायचे आणि तसे लिहून द्यायचे. कोणतेही उपकरण अगदी अचूक नसते, पण त्याची चूक ठरावीक असेल तर ते वापरता येते, हे तिच्या कामाचे सार होते. ज्याची चूक बदलत राहते, ते उपकरण मात्र बाजूला काढावे लागते. हे ती नवशिक्यांना रोज सांगत असे.

गेल्या हिवाळ्यात वडिलांच्या मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी तुंबली. हात लवकर सावरला, चालणेही सुधारले. बोलण्यात मात्र थोडा गोंधळ उरला. डॉक्टरांनी समजावले होते की एखादा शब्द अडकून बसतो आणि त्याची जागा नसेल तिथे बाहेर पडतो. वडिलांच्या बाबतीत तो शब्द होता ‘औषधवाला’. कोपऱ्यावरचा औषधवाला गोळ्यांची पट्टी नेमकी अशी कापून देई की मुदतीची तारीख त्याच्याकडच्या तुकड्यावर राही, आणि आजारपणाच्या आधीपासून वडिलांचे त्याच्याशी यावरून वाजत असे. आता मीटर पाहायला येणारा औषधवाला झाला, बातम्या सांगणारा औषधवाला झाला. एकदा दार उघडून त्यांनी आत वळून सांगितले, “औषधवाला आलाय,” आणि दारात बॅग घेऊन दादा उभा होता.

दादाच्या मनाने तिथेच घेतले. तो दुसऱ्या गावी विमा कंपनीत होता. कुठल्या घराला आग लागेल आणि कुठला माणूस जिन्यावरून घसरेल, याचा विचार करण्याचेच त्याला वेतन मिळे. बाबांनी एकटे राहू नये, आपल्याकडे यावे, वरच्या मजल्यावरची ही जागा सोडून द्यावी, असे तो दर भेटीत सांगू लागला. गॅस उघडा राहिला तर काय, असे त्याने विचारले, तेव्हा वडिलांनी शक्यता किती, असे उलट विचारले.

“बाबा, मला आकडा नको,” दादा म्हणाला. “मला झोप हवीय.”

वडिलांना ती जागा सोडायची नव्हती, आणि त्याचे कारण त्या जागेला लागून असलेली गच्ची हे होते. गच्चीच्या मधोमध त्यांचे पर्जन्यमापक उभे होते. सेवानिवृत्तीपासून ते रोज सकाळी त्यातले पाणी मोजत आणि दारामागच्या पाटीवर खडूने आकडा लिहीत. कचेरीचे माप कचेरीत राहिले, हे माप माझे, असे ते म्हणत. कामावर निघालेली मुलगी जिन्यावरून ओरडून विचारी, “बाबा, छत्री नेऊ का?” ती पलीकडच्याच गल्लीत राहत होती आणि सकाळचा चहा त्यांच्याकडे घेऊन पुढे जात असे. ते गच्चीत जाऊन पश्चिमेकडे पाहत आणि वरून ओरडत, “ने. सात.” त्यांच्या आकड्यावर तिने वर्षानुवर्षे छत्री नेली किंवा ठेवली होती. ती फारशी भिजली नव्हती.

टीव्हीवरच्या सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत तिची निवड झाली, ती सहकाऱ्यांच्या आग्रहामुळे. कार्यक्रमात स्पर्धकाला एकदा, एकाच प्रश्नासाठी, बाहेरच्या एका व्यक्तीला फोन करता येई. ते नाव आधी कळवावे लागे. प्रयोगशाळेच्या ग्रंथालयात एक बाई होत्या. सगळे त्यांना ‘सूची’ म्हणत, कारण कुठले पुस्तक कुठल्या कपाटात आहे हेच केवळ नव्हे, कुठल्या पानावर काय आहे हेही त्या सांगत. नाव त्यांचेच द्यायचे, हे उघड होते.

वडील म्हणाले, “माझं दे.”

दादा त्या रविवारी आला होता. वडिलांनी दोघांना समोर बसवले आणि प्रयोगाची मांडणी करावी तशा अटी सांगितल्या. फोन आला आणि मी चुकलो, तर मी सामान बांधतो, एक शब्द बोलणार नाही. बरोबर निघालो, तर जागा सोडण्याचा विषय पुन्हा काढायचा नाही. दादाने विचारले, आणि फोन आलाच नाही तर? तर प्रयोग झाला नाही असे समजायचे, ते म्हणाले. दादा बऱ्याच वेळाने हो म्हणाला. हो म्हणताना त्याने बहिणीकडे पाहिले, आणि त्या पाहण्याचा अर्थ तिला कळला. फोन करू नकोस, म्हणजे कोणाच्याच मनाला लागणार नाही.

तिने नाव वडिलांचे दिले. यात माया होती हे खरे, पण तेवढेच नव्हते. आपण जन्मापासून ज्या मापाने जग मोजले ते अजून शाबूत आहे, हे तिलाही पाहायचे होते.

चित्रीकरणाची जागा म्हणजे गोदामासारखी एक उंच खोली होती. पडद्यावर जे झगमगाटाचे राज्य दिसे ते प्रत्यक्षात रंगवलेल्या फळ्यांचे होते, आणि मागच्या बाजूला त्या फळ्यांना वाळूच्या पोत्यांनी टेकू दिलेला होता. तिच्या कपाळावर पावडर फासली गेली, गळ्याशी माइक लावला गेला. कानात यंत्र घातलेल्या एका तरुणीने तिला सूचना दिल्या. त्यांतली मुख्य अशी की विचार मनात करायचा नाही, मोठ्याने करायचा.

“ताई, लोकांना तुमचं डोकं दिसत नाही,” ती म्हणाली. “तोंड दिसतं. गप्प बसलात की लोक चॅनेल बदलतात.”

सुरुवातीचे प्रश्न सोपे गेले. मधले काही तिच्याच विषयाजवळचे निघाले. सूत्रसंचालक सराईत होता. प्रत्येक उत्तरानंतर तो इतका वेळ थांबे की बरोबर उत्तर देणाऱ्यालाही आपण चोरी केली आहे असे वाटावे. “खात्री आहे?” असे तो विचारी, आणि ती सवयीने म्हणे, “आठ.” प्रेक्षक हसत. दोन-तीनदा असे झाल्यावर त्याने ते उचलले आणि स्वतःच “दहापैकी?” असे विचारू लागला. तिला हे आवडले, आणि आवडले याचा पुढे तिला फार राग आला.

मग तो प्रश्न आला. ढगांची आज जगभर चालणारी नावे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ल्यूक हॉवर्ड या गृहस्थाने सुचवली. तो पेशाने कोण होता? चार पर्याय होते: जहाजाचा कप्तान, औषधे तयार करणारा, धर्मोपदेशक, चित्रकार.

तिला ठाऊक नव्हते. ढगांचा प्रश्न होता आणि तिच्या वडिलांचे आयुष्य ढगांखाली गेले होते. फोन करावा की नाही, हा प्रश्नच उरला नाही. तिचा जीव भांड्यात पडला. असा प्रश्न यावा, हे तिने मागायचेही धाडस केले नसते.

घरी वडिलांच्या शेजारी कार्यक्रमाचा एक माणूस बसवलेला होता. ते पुस्तक उघडत नाहीत ना, एवढे पाहणे हे त्याचे काम. बोलायला अर्धे मिनिट होते. तिने प्रश्न आणि चारही पर्याय सावकाश वाचले. तिला त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

“औषधवाला,” ते म्हणाले. “दहा.”

“बाबा, दहा?”

“दहा. पुढे जा, पारा.”

फोन बंद झाला. नियमाप्रमाणे त्यांना पुढचे काही ऐकू येणार नव्हते.

पुढच्या मिनिटाचा तिने नंतर पुष्कळ विचार केला, आणि त्यात तिला एकही ढोबळ चूक सापडली नाही. पर्यायाचे शब्द ‘औषधे तयार करणारा’ असे होते. वडिलांनी ते शब्द उच्चारले नाहीत. महिनोन्‌महिने मीटरवाल्यापासून दादापर्यंत सगळ्यांना चिकटणारा तोच शब्द उच्चारला. हा एक पुरावा. आणि सूर्योदयाला नऊ देणारा माणूस दहा म्हणाला. हा दुसरा, पहिल्यावर अवलंबून नसलेला. ज्या काट्यावर नऊच्या पुढे खूणच नाही तो काटा दहा दाखवत असेल, तर आत काहीतरी सुटले आहे, असेच कोणीही तंत्रज्ञ म्हणेल. शिवाय वाऱ्याच्या जोराची मोजपट्टी एका नौदल अधिकाऱ्याने बसवली, हे तिला पक्के माहीत होते. वाऱ्याला जो माणूस, तसलाच ढगांना असणार. समुद्रावरच्या माणसाला आकाशाकडे पाहण्याचे कारणही असते.

हे सगळे मनात राहिले असते तर चूक फक्त चूक राहिली असती. पण विचार मोठ्याने करायचा होता. सूत्रसंचालक पुढे झुकून थांबला होता.

“फोनवर माझे वडील होते,” ती म्हणाली. “गेल्या हिवाळ्यापासून त्यांची तब्येत ठीक नाही. हा शब्द ते हल्ली कुणालाही लावतात. आणि ते दहा कधीच म्हणत नाहीत. त्यामुळे आता त्यांच्या उत्तरावर मला विसंबता येणार नाही. कप्तान.”

“दहापैकी?” त्याने विचारले.

“सहा.”

या वेळी कोणी हसले नाही.

हॉवर्ड औषधे तयार करून विकत असे. सूत्रसंचालकाने ते हळहळत्या आवाजात सांगितले, तिच्याशी हात मिळवला आणि वडिलांना लवकर बरे वाटो, असे म्हणाला. बाहेर येताच तिने त्या कानात यंत्र घातलेल्या तरुणीला गाठले आणि विनंती केली की उत्तर चुकलेले दाखवा, पण वडिलांच्या तब्येतीचे वाक्य तेवढे काढून टाका. तरुणी वाईट मनाची नव्हती. तिने खरोखर विचार केल्यासारखे केले.

“ताई, ते कसं काढणार?” ती म्हणाली. “सगळ्या भागात तेवढंच तर आहे.”

घरी वडील इस्त्रीचा सदरा घालून बसलेले होते. फोनवर कोणाला सदरा दिसणार नव्हता, तरी त्यांनी तो घातला होता. तिने तोंड उघडण्याआधीच त्यांनी हात वर केला. निकाल सांगायचा नाही असे तू लिहून दिले आहेस, तेव्हा सांगू नकोस, असे त्यांनी तिला बजावले. त्यांना विचारायचेही काही नव्हते. उत्तर बरोबर होते, हे त्यांना माहीत होते. तिने ते मानले नाही, हे त्यांच्या डोक्यात येण्याचे काही कारण नव्हते.

प्रसारणाला अजून कित्येक आठवडे होते, आणि या आठवड्यांत वडील सुधारत गेले. डॉक्टरांच्या मते इतक्या काळाने काही शब्द परत येतातच. मुलीला मात्र त्याचे दुसरे कारण दिसत होते. ते ताठ बसू लागले. अडलेला शब्द आला की स्वतःच थांबून म्हणत, “हा नव्हे,” आणि योग्य शब्द शोधून काढत. मीटर पाहायला येणाऱ्याला त्यांनी त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली. शेजारच्या काकूंना त्यांनी एकदा गच्चीवरून सांगितले, आणि ते तिने आतून ऐकले: “पोरीचं अडलं, तेव्हा तिनं मला विचारलं.”

सांगून टाकायला तिला रोज सवड होती. करार आहे, ही सबब तिने स्वतःला पुन्हा पुन्हा दिली, आणि करार म्हणजे करार असे म्हणणारे वडील त्या सबबीला नकळत टेकू देत राहिले. खरे पाहता ते त्यांच्या तोंडून बाहेर गेले नसते. तिला त्यांच्या ताठ पाठीकडे पाहताना बोलवत नसे, एवढेच. ती पाठ आणखी एक दिवस तशी राहू दे, असे म्हणता म्हणता प्रसारणाचा दिवस आला.

संध्याकाळी दादा आणि वहिनी आले. शेजारच्या काकू आपली खुर्ची घेऊन आल्या, कारण या घरातल्या खुर्च्या त्यांच्या कमरेला मानवत नसत. वडील मधोमध बसले. पहिले प्रश्न सुरू झाले तेव्हा ते प्रत्येकाचे उत्तर तिच्या आधी देत होते, आकड्यासकट, आणि काकू दर वेळी दादाकडे बघून भुवया उंचावत होत्या. दादाही हसत होता. प्रेक्षक तिच्या ‘आठ’ला हसले तेव्हा वडिलांनी तिच्या गुडघ्यावर थाप मारली.

मग ढग आले. वडिलांचा आवाज खोलीत दोनदा ऐकू आला, “दहा,” आणि पुन्हा “दहा”. दादाने चमकून त्यांच्याकडे पाहिले; तोही याच घरात वाढला होता. त्यानंतर पडद्यावरची ती बोलू लागली. कार्यक्रमवाल्यांनी तिच्या वाक्याखाली संथ वाद्यसंगीत घातले होते आणि तिचा चेहरा जवळून दाखवला होता. त्या चेहऱ्यावर संकोच नव्हता. काम करताना तिच्या चेहऱ्यावर असते ती एकाग्रता होती, एखादे उपकरण बाजूला काढताना असते ती.

उत्तर जाहीर झाले. काकूंना सगळ्यांत आधी उमगले, किंवा बाकीच्यांना उमगले होते आणि बोलल्या त्या एकट्याच.

“अहो, म्हणजे तुमचं बरोबर होतं की,” त्या म्हणाल्या.

दादाने उठून टीव्ही बंद केला. तो सरळ माणूस होता. पायांकडे बघत त्याने सांगितले की अट होती तशी मी पाळतो, उत्तर बरोबर आले, जागेचा विषय माझ्याकडून संपला. वहिनीने मान हलवली. काकू आपली खुर्ची घेऊन हळूच गेल्या.

वडील मुलीकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. कचेरीत चुकलेल्या अंदाजाची दुसऱ्या दिवशी छाननी होत असे, त्या सुरात त्यांनी विचारले, “तुला शंका कशामुळे आली? शब्दामुळे की दहामुळे?”

“दोन्हीमुळे,” ती म्हणाली.

“एकट्या शब्दानं आली असती?”

तिने खरा विचार केला. “थोडी. पण मी तुमचंच उत्तर घेतलं असतं.”

“म्हणजे दहानं केलं.” ते म्हणाले. “मी ते मुद्दाम म्हटलं. खरा आकडा नऊच होता. पण नऊ म्हटलं की तू उरलेला एक शोधत बसणार, मी तुला ओळखतो. तुझ्या आईला नऊ सांगितलं, तर ती जन्मभर त्या एकाचा हिशोब मागत राहिली. तुझ्याकडे अर्धं मिनिट होतं. म्हटलं, हिला शोधायला काही ठेवू नये.”

“बाबा, मला कळायला हवं होतं.”

“कसं कळणार? मीच माप बदललं. आणि तुला न सांगता.” मग त्यांनी दादाकडे पाहिले. “सामान कधी बांधायचं ते सांग.”

दादा गोंधळला. उत्तर बरोबर होते, पैज तुम्ही जिंकली, असे तो समजावू लागला. वडिलांनी त्याला बोलू दिले आणि मग म्हणाले, “उत्तर बरोबर होतं. पण विसंबण्याजोगं नव्हतं. अट मी चुकीची मांडली होती, उत्तर बरोबर येतं का, एवढंच मी विचारलं. माझी मोजपट्टी जगात एकाच माणसाला नीट वाचता येते. तिनं ती वाचली आणि बाजूला ठेवली. तिचा निष्कर्ष मी मानतो.”

ती पुष्कळ बोलली. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो, असे तिने सांगितले. तो त्यांनीच शिकवलेला नियम होता. त्यांनी मान डोलावली आणि तो नियम खरा असल्याचे कबूल केले. मी चुकले, असे ती म्हणाली. ती चुकली नव्हती, हाच त्यांचा मुद्दा होता, आणि तो खोडून काढायला तिच्याजवळ काही नव्हते, कारण तो मूळचा तिचाच होता. सगळ्या देशासमोर, मोठ्याने, तिनेच तो मांडला होता.

दादाचे घर चांगले आहे. वडिलांना स्वतंत्र खोली आहे आणि खोलीला बाल्कनी आहे. पण बाल्कनीवर वरच्या मजल्याची बाल्कनी येते, आणि समोर दुसरी इमारत आहे. पर्जन्यमापक मांडायचे तर अडथळा जितका उंच त्याच्या दुप्पट अंतर मोकळे लागते. नाहीतर मोजलेले पाणी आकाशाचे नसते, भिंतींनी वाटून दिलेले असते. वडिलांनी ते मांडायचा प्रयत्नही केला नाही. ते कापडात गुंडाळलेले पलंगाखाली आहे. वहिनी त्यांचे सगळे नीट पाहते. गॅस तीच बंद करते, आणि दादाला झोप लागते.

मुलगी महिन्यातून एकदा जाते. वडिलांचे बोलणे आता पुष्कळ स्वच्छ झाले आहे. तो शब्द मधे येत नाही. डॉक्टरांच्या मते आता काळजीचे कारण नाही, आणि ते एकटे राहू शकले असते. जुन्या जागेत आता दुसरे कुटुंब राहते. त्यांनी गच्चीत कपडे वाळत घालायला तारा बांधल्याचे काकूंनी कळवले आहे.

वडील तिच्याशी प्रेमाने बोलतात. तिचे काम विचारतात, नवशिक्यांच्या चुकांवर हसतात. फक्त कुठल्याही गोष्टीचा अंदाज विचारला की ते एकच आकडा सांगतात. निवडणुकीत कोण येईल, नातवाला गणितात किती पडतील, बस वेळेवर मिळेल का, सगळ्यांना तोच. वहिनीला यात काही वावगे वाटत नाही. म्हाताऱ्या माणसाला कशाचे काय, असे ती म्हणते. या आकड्याचा त्या घरात काय अर्थ होता, हे सांगायला आई आता नाही, आणि दादाने विसरायचे ठरवले आहे.

परवा ती निघाली तेव्हा दुपार कलली होती आणि ऊन होते. ती दाराशी चपला घालत होती. खुंटीवर छत्री होती. काही ठरवून नव्हे, जिन्यावरून ओरडायची जुनी सवय म्हणून, तिने आत वळून विचारले, “बाबा, छत्री नेऊ का?”

ते बाल्कनीच्या दारात उभे होते. दोन इमारतींच्या मधून आकाशाची एक पट्टी दिसत होती. त्यांची नजर आधी पश्चिमेला गेली, तिथे थोडा वेळ थांबली, मग वर, मग पुन्हा पश्चिमेला. ती सारी हालचाल तिला पाठ होती.

“पाच,” ते म्हणाले.

स्वयंपाकघरातून वहिनी ओट्यावर कपड्यांचा गठ्ठा आपटून बाहेर आली आणि कुरकुरत तिला म्हणाली, “बघा ना ताई. एवढं कडक ऊन, आणि बाबांनी मघाशीच दोरीवरचे सगळे कपडे आत आणून ठेवले. ओले आहेत म्हटलं, तर ऐकतात का.”

तिने खुंटीवरची छत्री काढून घेतली. वडिलांनी पाठ फिरवली होती.